उंची वजा केल्यावर

एप्रिल लागला की रायपूरच्या समता कॉलोनीत संध्याकाळच्या गप्पा एकाच विषयावर येऊन थांबतात: यंदा वर कुठे जायचं? पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असतो, कूलरमध्ये दोन वेळा पाणी भरावं लागतं आणि मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात. शेजारीच चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ असल्यामुळे या भागात मराठी माणसांची ये-जा पुष्कळ. काही घराणी भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात आहेत, काही कुटुंबं भिलाईच्या पोलाद कारखान्यामुळे आली, काही बदलीच्या नोकरीतून येऊन इथलीच झाली. त्यांच्या तोंडी पूर्वी शिमला, मनाली, नैनिताल ही नावं असत. आता स्पिती, लाहौल, नुब्रा, झंस्कार असतात. सहलीच्या पत्रकावर ‘सांस्कृतिक प्रवास’ असं छापलेलं असतं, बरोबर मार्गदर्शक असतो, आणि माणसं उत्साहाने नावं नोंदवतात.

ही हौस मला मनापासून आवडते. माझं एवढंच सांगणं आहे, की रायपूरकराने स्पितीला जाण्याआधी मैनपाटला जावं.

उंच दऱ्यांमधली संस्कृती म्हणून आपल्याला काय दाखवतात? सपाट छपरांची मातीची घरं, सातूचं भाजलेलं पीठ, लोणी-मिठाचा चहा, कड्याला चिकटलेले गोंपा म्हणजे बौद्ध मठ, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पाच रंगांच्या पताका. यातलं बरंचसं म्हणजे उंचीने माणसापुढे टाकलेल्या अडचणींवर काढलेली वाट आहे. थंडी, विरळ हवा, न पडणारा पाऊस आणि तुटपुंजी जमीन या त्या अडचणी. पण सगळंच काही उंचीने घडवलेलं नसतं. त्यातलं उंचीचं किती आणि माणसांचं स्वतःचं किती, हे वर उभं राहून कळत नाही, कारण तिथे दोन्ही एकमेकांत मुरलेलं असतं. मैनपाटला उंची वजा झाली आहे आणि माणसं उरली आहेत. म्हणून आधी तिथे जायचं.

मैनपाट आपल्याच राज्यात, सरगुजा जिल्ह्यात आहे. दुर्गहून निघणारी अंबिकापूरची गाडी रात्री रायपूरवरून जाते आणि सकाळी अंबिकापूरला सोडते. तिथून पुढे घाटरस्ता. स्वतःच्या गाडीने बिलासपूर, कटघोरा करत गेलात तर वाटेत उदयपूरजवळ रामगडचा डोंगर लागतो. तिथे थांबायला हवंच. सीताबेंगरा आणि जोगीमारा या तिथल्या लेण्यांत ब्राह्मी लेख आहेत, आणि जोगीमारातल्या लेखात सुतनुका नावाच्या देवदासीचा आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या देवदिन्नाचा उल्लेख आहे. मेघदूतातला रामगिरी हाच, असं सरगुजावाले सांगतात आणि आषाढाच्या पहिल्या दिवसाच्या सुमारास इथे महोत्सव भरवतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक असं मांडलं आणि आपण मराठी माणसं तेच धरून चालतो. वाद पंडितांकडे सोपवू. मला त्या काव्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याचा पूर्वार्ध म्हणजे हिमालयाच्या वाटेचं मार्गदर्शन आहे. यक्ष ढगाला कुठल्या नदीवर पाणी प्यायचं, कुठे विसावायचं, कुठे वाट वाकडी करून उज्जयिनी पाहायची ते सांगतो. आणि ठिकाणं सांगून थांबत नाही. त्या त्या गावची माणसं तेव्हा काय करत असतील, शेतावरच्या बायका पावसाच्या आशेने वर कशा बघतील, तेही सांगतो. वाटाड्याचं काम याहून नेमकं कुणी मांडलं असेल असं मला वाटत नाही.

उत्तर छत्तीसगडात अशी सपाट माथ्याची पठारं बरीच आहेत. मैनपाट, जशपूर पाट, जारंग पाट, सामरी पाट ही त्यांची नावं. कडा उभ्या तुटलेल्या, माथ्यावर जांभ्याचं कवच. हा जांभा आपल्या महाबळेश्वर-कासच्या सड्यांवरच्या जांभ्याच्याच जातीचा. त्यातच बॉक्साइट सापडतं, म्हणून इथे बाल्को या अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या खाणी निघाल्या. महानदीला मिळणारी मांड नदी याच पठारावर उगम पावते. मैनपाटची उंची सुमारे ११०० मीटर, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याइतकी. हिवाळ्यात इथे दहिवर गोठून गवत पांढरं होतं. लोक मैनपाटला छत्तीसगडचं शिमला म्हणतात. मला ते नाव पटत नाही, कारण त्या नावाने इथली खरी ओळखच झाकली जाते.

ही ओळख सुरू होते १९५९ मध्ये. त्या वर्षीच्या मार्चमध्ये दलाई लामा ल्हासाहून निघाले आणि महिनाअखेरीस तवांगच्या बाजूने भारतात आले. त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी आले. सुरुवातीला त्यांना आसामातल्या मिसामारी आणि उत्तर बंगालमधल्या बक्सा इथल्या छावण्यांत ठेवलं होतं. साडेतीन-चार हजार मीटरवर जन्म काढलेली ती माणसं. तिथल्या दमट उकाड्यात आणि नवख्या आजारांत कित्येक दगावली. पुष्कळांना हिमालयातल्या रस्त्यांच्या बांधकामावर मजुरी मिळाली. मग केंद्र सरकारने राज्यांकडे जमीन मागितली. म्हैसूर राज्याने बैलकुप्पेची जागा दिली, तेव्हाच्या मध्य प्रदेशाने मैनपाटची. १९६२-६३ मध्ये तिबेटी कुटुंबं या पठारावर उतरली. त्यांच्या वस्त्यांना आजही कॅम्पच म्हणतात; एकूण सात कॅम्प आहेत. कमलेश्वरपूर हे मैनपाटचं मुख्य ठिकाण, त्याच्या आसपास गोंपा आणि बाजार.

हे पठार रिकामं नव्हतं, हे मात्र विसरता कामा नये. माझी, मझवार, पहाडी कोरवा, यादव या समाजांची माणसं इथे आधीपासून राहत होती आणि आजही तीच बहुसंख्य आहेत. मैनपाटच्या सहलीत गोंपा दाखवतात, पाणी चढाकडे वाहतंय असा भास होणारं उलटा पानी दाखवतात, पायाखालची जमीन गादीसारखी हलते ते जलजली दाखवतात, टायगर पॉइंटचा धबधबा दाखवतात आणि मोमो खाऊन मंडळी परत फिरतात. माझींच्या घरी कुणी नेत नाही. तिबेटी माणूस इथे कसा रुजला हे समजून घ्यायचं, तर त्याला पहिल्या पावसाळ्यात या मातीची माहिती कुणी दिली हेही विचारायला हवं.

आता उंची वजा झाल्यावर काय गेलं ते पाहू. याक गेला, तो या हवेत जगत नाही. याकाबरोबर त्याचं दूध-लोणी गेलं, आणि चहात गाई-म्हशीचं लोणी आलं. मुख्य अन्न असलेला सातू मागे पडला. मातीचं सपाट छप्पर गेलं, कारण सरगुजाच्या पावसात ते एक आषाढही टिकणार नाही. घरं उतरत्या छपरांची झाली. मिठाच्या आणि लोकरीच्या व्यापाराच्या वाटा बंद झाल्या. भावाभावांनी मिळून एकच बायको करायची, ही तिबेटातल्या शेतकरी घरांची जुनी रीतही भारतातल्या वसाहतींमध्ये फार विरळ झाली. जमिनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून ती रीत होती. सरकारकडून कुटुंबागणिक जमीन मिळाली, पुढे माणसं शेतीवर अवलंबूनही राहिली नाहीत, आणि रीतीचं कारणच संपलं.

आणि उरलं काय? भाषा उरली, लिपी उरली. गोंपातला पाठ, फेब्रुवारी-मार्चमधला नववर्षाचा लोसार, पाहुण्याच्या गळ्यात घालायचा पांढऱ्या कापडाचा खता, उजवीकडून घालायची प्रदक्षिणा, म्हाताऱ्यांच्या हातातलं मणिचक्र, सगळं उरलं. पताका इथे सालाच्या झाडांना बांधलेल्या दिसतात. त्यांचे पाच रंग निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. आपल्याच पंचमहाभूतांची ही मांडणी, बौद्ध धर्माबरोबर हिमालयापलीकडे गेलेली आणि एका निर्वासित पिढीच्या खांद्यावरून सरगुजाच्या जंगलात परत आलेली.

काही गोष्टी मधल्या आहेत, आणि मला त्याच सर्वांत लक्षणीय वाटतात. टाऊचं पीक घ्या. टाऊ म्हणजे कुट्टू, उत्तरेकडे उपासाला ज्याचं पीठ खातात तो. तृणधान्य नसल्यामुळेच तो उपासाला चालतो. हलक्या जमिनीत, थंड हवेत, तीन महिन्यांच्या आत हाती येणारं हे पीक तिबेट्यांनी मैनपाटला रुजवलं आणि आता इथले स्थानिक शेतकरीही ते पेरतात. दिवाळीच्या सुमारास पठारभर त्याची पांढरी-गुलाबी फुलं पसरलेली असतात. तसाच हिवाळ्यातला स्वेटरचा धंदा. थंडी सुरू झाली की वसाहतींमधली तिबेटी कुटुंबं शहरोशहरी गरम कपड्यांची दुकानं मांडतात. रायपुरातही तिबेटी बाजार लागतो. माल बहुतेक लुधियानाचा असतो, त्यांच्या मागावरचा नसतो. पण जमीन गोठली की शेत बंद, आणि शेत बंद की व्यापाराला बाहेर पडायचं, हे चक्र त्यांच्या आजोबांच्या गावचंच आहे. जमीन आता गोठत नाही, तरी वर्षाची घडी तशीच राहिली, असं मला वाटतं.

ही उजळणी झाली की मग हिमाचलातल्या स्पितीला निघावं. तिथे पोचताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची: स्पितीचे लोक निर्वासित नाहीत. ते पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, भारताचे नागरिक आणि अनुसूचित जमातीत गणले जाणारे. धर्म, लिपी आणि बोली तिबेटशी जवळची, पण त्यांना ‘तिबेटी’ म्हणून हाक मारणं त्यांना रुचत नाही, आणि ते रास्तच आहे.

रायपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर. स्पितीतलं मुख्य गाव काझा ३६५० मीटरच्या आसपास, लांगझा ४४०० च्या. हवेतला प्राणवायूचा वाटा सगळीकडे २१ टक्केच असतो. उंचीवर हवेचा दाबच कमी होतो आणि प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो. काझाला तो समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून थोडा कमी, लांगझाला साठ टक्क्यांच्याही खाली. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. डॉक्टरांचा साधारण दंडक असा, की ३००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला यावं. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. बसल्या जागी धाप लागू लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर उपाय एकच: ताबडतोब खाली उतरवणं. प्राणवायूचा सिलिंडर तेवढ्या वाटेपुरता आधार देतो.

म्हणूनच स्पितीला शिमल्याच्या बाजूने चढावं. शिमला २२०० मीटर, किन्नौरमधलं कल्पा २९०० च्या आसपास, मग ताबो ३२८०, मग काझा. सतलजच्या काठाने जाणारा हा रस्ता लांब आहे, पण शरीराला पायऱ्या देतो आणि बरोबर एक धडाही देतो. किन्नौरच्या खालच्या भागात देवदार, सफरचंदाच्या बागा, लाकूड-दगडाची उतरत्या छपरांची मंदिरं, पालखीतून मिरवणारे ग्रामदेव आणि डोक्यावर हिरव्या पट्टीची टोपी. जसजसे वर जाता तसतशी झाडं संपतात, पाऊस संपतो, छपरं सपाट होतात आणि देवळांच्या जागी गोंपा येतात. दोन दिवसांच्या प्रवासात हा बदल डोळ्यांदेखत घडतो. मनालीहून अटल बोगद्यातून (तो ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला) आणि ४५५१ मीटरच्या कुंझुम खिंडीवरून एका दिवसात काझाला पोचता येतं, पण त्यात डोकं धरून बसावं लागतं आणि हा सगळा धडा बुडतो. परतताना तो रस्ता घ्यावा.

स्पिती पर्जन्यछायेत आहे. मोसमी ढग दक्षिणेकडच्या रांगांवरच रिकामे होतात. शेती होते ती वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर. डोंगराच्या कुशीतून कोस-कोस लांब चर खणून पाणी शेतापर्यंत आणतात. त्यांना कुल्ह म्हणतात. चर दर वसंतात गावाने मिळून साफ करायचे, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, कुणाचा हक्क किती तेही ठरलेलं. धुळे-नाशिककडच्या वाचकाला पांझरेवरची फड पद्धत आठवेल: तिथेही बंधाऱ्याचं पाणी गावाच्या नियमाने, पाटकऱ्याच्या देखरेखीखाली वाटलं जायचं. कमी पाण्याच्या प्रदेशात पाण्याचा हिशेब हाच गावाचा पाया असतो. मार्गदर्शकाने गोंपाच्या आधी कुल्ह दाखवावा, असं माझं ठाम मत आहे. पाणी कळलं की पुढचं सगळं उलगडत जातं.

ओलिताखाली येईल तेवढीच जमीन, आणि ती वाढवता येत नाही. म्हणून स्पितीत जमीन थोरल्या मुलाकडे जाते. त्याचं लग्न होऊन घर चालतं झालं की आई-वडील मोठं घर, म्हणजे खांगचेन, त्याच्या हाती देऊन शेजारच्या लहान घरात, खांगचुंगमध्ये, राहायला जातात. निर्वाहापुरतं एखादं शेत आपल्याकडे ठेवतात. धाकट्या मुलांना पूर्वी गोंपात पाठवत. गोंपात एवढे भिक्खू का, या प्रश्नाचं एक उत्तर श्रद्धेत आहे आणि दुसरं या जमिनीत. आपल्याकडे सातबाऱ्यावर नावं वाढत जातात आणि वावराचे पट्टे होत जातात. तिथे पिढ्या गेल्या तरी शेत तेवढंच राहिलं, पण त्याची किंमत धाकट्यांनी आणि मुलींनी मोजली. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, आणि या भागातल्या बायका वडिलोपार्जित जमिनीतला हक्क मागत आहेत. त्यांची मागणी मला न्याय्य वाटते. एखादी रीत कशातून आली हे समजणं आणि ती तशीच चालू राहावी असं म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘किती सुंदर परंपरा’ एवढंच सांगणारा मार्गदर्शक प्रवाशाला अर्धंच सांगतो.

घरही असंच वाचता येतं. भिंती जाड मातीच्या, खिडक्या लहान, तोंड उन्हाकडे. खालच्या मजल्यावर जनावरं, वर माणसं, म्हणजे जनावरांची ऊब वर येते. छपरावर सरपण, चारा आणि शेणाच्या गोवऱ्या रचलेल्या, हिवाळ्याचा साठा. आणि वरच्या मजल्यावर कोरडा संडास: जमिनीत भोक, शेजारी माती-राखेचा ढीग आणि फावडं. विधी उरकून वर माती-राख लोटायची. खालच्या खोलीत वर्षभर त्याचं खत होतं आणि वसंतात ते शेतात जातं. पाणी लागत नाही, पाइप गोठत नाहीत, जमिनीचा कस टिकतो. पाहुण्यांच्या सोयीसाठी आता हॉटेलांत पाण्याचे संडास झाले आहेत. त्यांना दर वेळी बादलीभर पाणी लागतं, थंडीत नळ फुटतात, मैला खड्ड्यांत साचतो आणि शेताला खत कमी पडतं. स्पितीतल्या घरात राहायला जाणाऱ्या पाहुण्याने निदान ही एक सवय बदलावी. अवघड वाटतं ते फक्त पहिल्या दिवशी.

ताबोसाठी एक आख्खा दिवस राखून ठेवावा. हा गोंपा इसवी सन ९९६ चा. पश्चिम तिबेटातल्या गुगेच्या राजघराण्याने तो उभारला, आणि त्या काळाशी जोडलेलं मोठं नाव म्हणजे अनुवादक रिनचेन झांगपो (९५८ ते १०५५). संस्कृत ग्रंथ तिबेटीत आणण्यासाठी तो काश्मिरात शिकला आणि येताना तिथले कलाकार घेऊन आला. सेहेचाळीस वर्षांनी, १०४२ मध्ये, गोंपाचं नूतनीकरण झालं. ताबोला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. अजिंठा पाहिलेला मराठी माणूस आत गेला की फरक लगेच जाणवतो. अजिंठ्यातली चित्रं आपल्या काळ्या पाषाणाच्या पोटात आहेत. ताबोची मातीच्या भिंतींवर, मातीच्याच छपराखाली. भिंतीतून पुढे आलेल्या माणसाएवढ्या देवता, मध्ये वैरोचन, आणि अंधारात हळूहळू उमटत जाणारे चित्रांतले चेहरे. ते चेहरे काश्मिरी वळणाचे आहेत. खुद्द काश्मिरात त्या काळातली बौद्ध भित्तिचित्रं उरलेली नाहीत. ती पाहायची तर ताबोला किंवा लडाखमधल्या आल्चीला यावं लागतं. आत फोटो काढायला मनाई आहे, आणि त्यामुळे माणसं खरोखर बघतात.

१९ जानेवारी १९७५ च्या किन्नौर भूकंपाने या भागातली अनेक जुनी बांधकामं हादरली. जवळच्या ग्यू गावातली, बसल्या स्थितीत सुकलेली लामाची ममी त्या भूकंपानंतरच उजेडात आली. मातीच्या वास्तूंना भूकंपाइतकीच भीती आता पावसाची वाटते. न पडणारा पाऊस गृहीत धरून बांधलेली ही छपरं आहेत, आणि अवेळी पाऊस वाढल्याचं गावकरी सांगतात. ढंकर हे स्पितीचं जुनं राजधानीचं ठिकाण, पिन आणि स्पिती नद्यांच्या संगमावर, झिजलेल्या कड्याच्या टोकावर आहे. २००६ मध्ये जगातल्या शंभर धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत त्याचं नाव आलं होतं.

लांगझाबद्दल थोडक्यात. तिथल्या ओढ्यांत शंखाच्या आकाराचे दगड सापडतात. हिमालयाच्या जागी पूर्वी असलेल्या टेथिस समुद्राच्या तळाशी असलेल्या जीवांचे ते जीवाश्म. आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम याच कुळातला. मुलं ते विकायला आणतात, घेऊ नयेत. घेणारा असला की खणणारा वाढतो.

काझाच्या परिसरात ऑगस्टमध्ये लादारचाची जत्रा भरते. पूर्वी तिथे तिबेट, लडाख, किन्नौर, कुलूचे व्यापारी येत. लोकर, मीठ, घोडे आणि धान्य यांची अदलाबदल होई. १९६२ च्या युद्धानंतर सीमा बंद झाली आणि तिबेटचे व्यापारी येईनासे झाले. जत्रा आजही भरते, पण तिचा एक हात तुटलेला आहे. नेमकी तीच वर्षं, जेव्हा सरगुजाच्या पठारावर पहिले कॅम्प पडत होते. मैनपाट पाहून आलेल्याला ही जत्रा वेगळी दिसते.

आता मार्गदर्शकाविषयी. बरोबर वाटाड्या घेऊन हिमालयात जाणं आपल्याला नवं नाही. बद्री-केदारचे तीर्थपुरोहित आपापल्या यजमानांच्या पिढ्यांची नावं वह्यांत लिहून ठेवत आले आहेत. अहिल्याबाई होळकरांनी बद्री-केदारच्या वाटेवर धर्मशाळा बांधल्या. आणि १९८४ मध्ये केसरी पाटील यांनी सुरू केलेल्या संस्थेसारख्या प्रयत्नांतून मराठी माणसांच्या समूह-सहलींची मोठी परंपरा घडली. ज्यांना भाषेचा, जेवणाचा, एकट्याने फिरण्याचा संकोच वाटायचा, अशी किती तरी घरं, विशेषतः किती तरी बायका, तिच्यामुळे जग पाहू शकल्या. त्या परंपरेबद्दल मला आदर आहे. पण मराठी सहल-व्यवस्थापक सोबत असणं आणि दरीतला माणूस सोबत असणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिला आपल्याला सांभाळतो. दुसरा दार उघडतो. पाण्याची पाळी आज कुणाची, कुठल्या घरात सुतक आहे, गोंपात आज पाठ का चालू आहे, कुठल्या ओढ्याशी बूट काढायचे, हे त्यालाच ठाऊक असतं. म्हणून नाव नोंदवण्याआधी विचारावं: स्पितीचाच मार्गदर्शक किती दिवस बरोबर असेल? मुक्काम घरांत आहे की फक्त हॉटेलांत? डेमुलसारख्या गावात पाहुणे घराघरांत आळीपाळीने उतरवतात, म्हणजे येणारा पैसा रस्त्याकाठच्या एकाच घराकडे जात नाही. तशा गावात एक रात्र तरी आहे का?

विदर्भातल्या वाचकांना मैनपाट लांब पडत असेल, तर गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला १९७२ पासूनची तिबेटी वसाहत आहे. तिथे तर उंची जवळपास पूर्णच वजा आहे, भोवती धानाची शेतं आणि इटियाडोहचं पाणी.

मैनपाटला दिवाळीच्या मागेपुढे जावं, टाऊ फुलावर असतो तेव्हा. स्पितीचा हंगाम जून ते सप्टेंबर, पण जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरच्या रस्त्यावर दरडी कोसळतात आणि मे-जूनच्या सुट्टीत गर्दी. मुलांच्या शाळेचं जमत असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा गाठावा. हवा स्वच्छ असते, वाटाणा निघालेला असतो आणि सातूची कापणी-मळणी सुरू झालेली असते. खळ्यावर मेढीला जनावरांची पात बांधून आपल्यासारखीच मळणी करतात, आणि बायका वाऱ्याला बोलावण्यासाठी शीळ घालत उफणणी करतात. माणसं कामात असल्यामुळे कुणी खास आपल्यासाठी काही मांडून ठेवलेलं नसतं. पाहुण्याने पाट्या उचलायला हात लावला तर जागा करून देतात, आणि दुपारी सगळ्यांबरोबर त्यालाही सातूचं पीठ आणि चहा मिळतो.